यंत्राची अनपेक्षित चाल : बुद्धिबळाच्या पटावर आणि रुग्णशय्येपाशी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या खेपेस एक अट घातली : मधुमेह आणि रक्तदाब सोडून काहीतरी लिहा. ज्याची चार दशके मुख्यत्वे याच दोन व्याधींच्या सहवासात गेली, त्याची अशी अट ऐकून पंचाईत व्हावी हे साहजिकच होते. विचारांती विद्यार्थिदशेपासून जडलेल्या बुद्धिबळाच्या छंदाकडे वळलो. लिहिता लिहिता लक्षात आले की विषय वैद्यकापासून वाटला तितका दूर गेलेला नाही. तो का, हे वाचकांना लेखाच्या अखेरीस कळेलच.

अमरगोळ हे हुबळी आणि धारवाड या दोन शहरांच्या मधले ठिकाण. संध्याकाळी बनशंकरीच्या प्राचीन देवळापर्यंत फिरून यावे आणि घरी येऊन पट मांडावा, असा निवृत्तीनंतरचा माझा क्रम आहे. समोर बहुधा नातू असतो. तो मला इकडच्या रीतीप्रमाणे 'अज्जा' म्हणतो, आणि डाव संपताच सबंध डाव भ्रमणध्वनीवरील बुद्धिबळाच्या इंजिनापुढे ठेवतो. 'इंजिन' म्हणजे बुद्धिबळ खेळणारी आणि चालींचे मूल्यमापन करणारी संगणक-प्रणाली. आज कोणत्याही साध्या भ्रमणध्वनीवर चालणारे इंजिन जगज्जेत्यालाही भारी पडते, ही वस्तुस्थिती आता सर्वमान्य आहे.

एके दिवशी असे झाले. मध्यडावातील एका स्थितीत मी घोडा मागे घेतला होता. नातवाने ती स्थिती यंत्रावर मांडली. इंजिनाचे मत पडले, की घोडा न हलवता वजीर बळी द्यायला हवा होता. मी म्हणालो, "तुझे यंत्र बिघडले आहे." तो म्हणाला, "अज्जा, इंजिन सांगते म्हणजे बरोबरच असणार. आपल्याला कळत नाही एवढेच." थोडा वेळ दोघेही आपापल्या मताला चिकटून बसलो. मग पट पुन्हा ताडून पाहिला तेव्हा उमगले, की स्थिती मांडताना एक प्यादे एक घर बाजूला पडले होते. यंत्राचा सल्ला अचूक होता, परंतु तो आमच्या डावासाठी नव्हता. आमच्या भाषेत सांगायचे, तर अहवाल निर्दोष होता, पण नमुना दुसऱ्याच रुग्णाचा होता.

या किरकोळ प्रसंगाने मला विचारात पाडले. आम्हा दोघांची मते परस्परविरुद्ध होती, पण दोष एकच होता. चाल पाहून त्याने मान तुकवली, मी मान फिरवली. तपासले कुणीच नाही. यंत्राच्या अनपेक्षित चालीचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ बुद्धिबळपटूंचा राहिलेला नाही.

इंजिन विचार कसे करते?

इंजिनाच्या कामाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिला भाग शोधाचा : मी ही चाल केली तर प्रतिपक्ष काय करील, त्यावर मी काय करीन, असा चालींचा वृक्ष ते खोलवर तपासते. दुसरा भाग पारखीचा : वृक्षाच्या प्रत्येक टोकाला जी स्थिती येते ती कुणाला किती अनुकूल आहे हे ते एका अंकाने सांगते. पूर्वी हा अंक प्याद्यांच्या हिशेबात मोजत. अधिक एक म्हणजे पांढऱ्याकडे एका प्याद्याइतके वर्चस्व, असा त्याचा अर्थ होता. सध्याच्या बलाढ्य इंजिनांपैकी एक असलेल्या 'स्टॉकफिश'ने डिसेंबर २०२२ पासून हा अर्थ बदलला. आता अधिक एक म्हणजे, इंजिन स्वतःशीच खेळले तर त्या बाजूने डाव जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. अर्थात पडद्यावर दिसणारा अंक ही खात्री नसून शक्यता असते, आणि तीही यंत्राच्या हातून खेळले जाण्याची.

शोधाला मर्यादा असते. ज्या खोलीवर शोध थांबतो, त्यापलीकडचे यंत्राला दिसत नाही. अटळ संकट काही निरर्थक चालींनी त्या मर्यादेपलीकडे ढकलता आले, की यंत्राला ते टळलेच असे वाटते. १९७०च्या दशकात हान्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञाने या दोषाला 'क्षितिज-परिणाम' असे नाव दिले. दृष्टीआड गेलेले दुखणे बरे झाले असे समजणारा रुग्ण आपल्यालाही नवा नाही. आजच्या इंजिनांत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. नाहीसा मात्र झालेला नाही.

एका सामन्यातील तीन चाली

अनपेक्षित चालीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने १९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे झालेला सामना अवश्य अभ्यासावा. एका बाजूस जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि दुसऱ्या बाजूस आयबीएम कंपनीचा 'डीप ब्लू' हा संगणक. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात कास्पारोव्हने त्याला ४-२ असे हरवले होते. सुधारलेला डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. सहा डावांच्या या सामन्यात त्याच्या तीन चालींनी जगाला चकित केले. बाहेरून तिन्ही सारख्याच गूढ वाटल्या, पण त्यांची उगमस्थाने पूर्णपणे भिन्न होती.

पहिली चाल पहिल्या डावातील. हरत आलेल्या स्थितीत, ४४व्या चालीला डीप ब्लूने आपला हत्ती अशा घरात नेला की त्याचे प्रयोजन कुणालाच कळेना. डाव कास्पारोव्हने जिंकला. पण रात्री त्याच्या चमूने विश्लेषण केले तेव्हा असे दिसले, की दुसरी स्वाभाविक चाल केली असती तरी संगणक पुष्कळ चालींनंतर हरलाच असता. त्यावरून निष्कर्ष निघाला, की यंत्राला इतक्या दूरचे दिसत असावे. वास्तव निराळे होते. डीप ब्लूच्या निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे नेट सिल्व्हर या लेखकाला सांगितले, आणि ते २०१२च्या त्याच्या पुस्तकात प्रसिद्ध झाले, की ती चाल प्रणालीतील दोषामुळे झाली होती. यंत्र निर्णयापर्यंत पोहोचू शकले नाही, आणि अडकून पडू नये म्हणून ठेवलेल्या सोयीनुसार त्याने एक चाल कशीतरी निवडली. प्रतिभा म्हणून जिची धास्ती घेतली गेली, तो एक बिघाड होता.

दुसरी चाल दुसऱ्या डावातील. तेथे यंत्राला वजिराने आत घुसून प्यादी मिळवण्याची संधी होती, आणि तत्कालीन संगणकांचा लोभी स्वभाव पाहता ते तीच घेणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. डीप ब्लूने लोभ आवरला. ३६व्या चालीला प्याद्यांची साधी अदलाबदल केली आणि ३७व्या चालीला उंट पटाच्या मध्यभागी आणून कास्पारोव्हच्या प्रतिहल्ल्याच्या सर्व वाटा बंद केल्या. ही चाल खरोखरच उत्तम होती. ती इतकी मानवी वाटली, की यामागे माणसाचा हात असावा असा संशय कास्पारोव्हने व्यक्त केला आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. आयबीएमने त्या पुढे प्रसिद्धही केल्या.

तिसरी चाल सहाव्या, निर्णायक डावातील. आठव्या चालीला डीप ब्लूने घोड्याचा बळी देऊन काळ्याची फळी फोडली आणि अवघ्या १९ चालींत डाव संपला. संगणकाने घोडा बळी दिला याचे प्रेक्षकांना आश्चर्य वाटले, पण येथे यंत्राने विचार केलाच नव्हता. ती चाल माणसांनी त्याच्या प्रारंभ-संग्रहात आधीच भरून ठेवलेली होती. ते निव्वळ पाठांतर होते.

तेव्हा एक चाल बिघाडातून आलेली, एक खऱ्या आकलनातून आणि एक पाठांतरातून. चकित होणाऱ्याचा अनुभव तिन्ही वेळा एकच. यावरून पहिला धडा मिळतो : आश्चर्य ही पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे, तो चालीचा गुण नव्हे. चाल चांगली की वाईट, हे त्या आश्चर्यावरून कधीही ठरत नाही.

न खेळलेली चाल

पण या सामन्यातील सर्वांत बोधप्रद चाल ती, जी खेळलीच गेली नाही. दुसऱ्या डावात यंत्राच्या ४५व्या चालीनंतर कास्पारोव्हने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला सांगितले, की त्या स्थितीत वजिराच्या एका चालीने निरंतर शह देत बरोबरी साधण्याचा मार्ग होता. ज्या यंत्राने ३७वी चाल इतकी सुंदर केली, त्यानेच अखेरच्या चालींत चूक करून बरोबरीचे दार उघडे ठेवले होते. कास्पारोव्हने ते ढकलूनही पाहिले नाही. कारण एवढेच असावे, की इतके खोल पाहणारे यंत्र असली साधी बरोबरी देणारच नाही असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

जगज्जेत्याच्या दृष्टीत काही उणे नव्हते. दृष्टी वापरणेच त्याने त्या क्षणी थांबवले. अर्धा गुण हातचा गेला. सामना शेवटी यंत्राने साडेतीन विरुद्ध अडीच असा जिंकला, यावरून त्या अर्ध्या गुणाचे मोल वाचकांनीच ठरवावे.

स्वतःच शिकलेले यंत्र

पुढे २० वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, 'डीपमाइंड' संस्थेने 'अल्फाझीरो' जगापुढे आणले. त्याला केवळ खेळाचे नियम दिले होते, माणसांचे डाव दाखवलेच नव्हते. स्वतःशी लक्षावधी डाव खेळून ते शिकले आणि स्टॉकफिशच्या तत्कालीन आवृत्तीविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. त्याच्या चाली अजब होत्या. प्यादी, क्वचित मोठी मोहरीही, ताबडतोब काहीच परत न मिळवता ते देऊन टाकी. कडेचे प्यादे प्रतिपक्षाच्या राजाकडे रेटीत नेई. लाभ वीस-तीस चालींनंतर दिसे.

येथे जाणकारांनी जे केले ते अनुकरणीय आहे. त्यांनी चालींचे कौतुक केले, पण सामन्याच्या अटींवर आक्षेपही घेतला : प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट, आणि स्टॉकफिशला अपुरी स्मृती, ही तुलना न्याय्य नव्हे. तेव्हा सुधारलेल्या अटींवर पुन्हा खेळून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक हजार डावांत १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. या वेळी पराभवही झाले, आणि तरीही श्रेष्ठत्व सिद्ध झाले. आक्षेप घेतल्याने खऱ्या गुणाचे काही बिघडत नाही. तो अधिक भक्कम पायावर उभा राहतो.

मूल्यमापनाची रीत

तर अनपेक्षित चाल समोर आल्यावर अभ्यासकाने काय करावे? जाणते खेळाडू ज्या पायऱ्यांनी जातात, त्या अनुभवाच्या आधारे येथे मांडतो.

१. आधी स्थिती ताडून पाहावी. मोहरी योग्य घरांत आहेत का, चाल कुणाची आहे, किल्लेकोटाचा हक्क शिल्लक आहे का? आमच्या वजिराच्या बळीचा उलगडा याच पायरीवर झाला.

२. यंत्राला वेळ द्यावा. दोन सेकंदांचे मत आणि दहा मिनिटांचे मत यांत पुष्कळदा जमीनअस्मानाचा फरक पडतो. खोली वाढेल तसे मत टिकून राहिले, तर त्यात तथ्य असण्याचा संभव अधिक.

३. दुसरे मत घ्यावे, पण ते वेगळ्या घराण्याचे असावे. स्टॉकफिशची बांधणी एका पद्धतीची, तर २०१८ पासून विकसित झालेल्या 'लीला'ची अल्फाझीरोच्या वळणाची. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांची साक्ष ही दोन साक्षीदारांची साक्ष नव्हे.

४. यंत्राला 'का?' असे विचारता येत नाही, परंतु 'का नाही?' असे विचारता येते. आपल्याला जी चाल स्वाभाविक वाटत होती ती पटावर करावी आणि इंजिनाला तिचे खंडन करायला लावावे. अनेकदा आपल्या चालीतील छिद्र दिसते आणि मग त्याच्या चालीचे मर्म आपोआप उलगडते.

५. डाव पुढे न्यावा. काही स्थितींत एका बाजूकडे मोहरी जास्त असूनही दुसऱ्याची तटबंदी अभेद्य असते. अशा वेळी इंजिन मोठे वर्चस्व दाखवते, पण चालीमागून चाली झाल्या तरी तो अंक जागचा हलत नाही. जे वर्चस्व वाढत नाही, त्याविषयी शंका घ्यावी. आपल्या भागातील रसिकांना हे संगीताच्या भाषेत चटकन कळेल. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या धारवाडात आणि गंगूबाई हनगल यांच्या हुबळीत वाढलेला श्रोता अनपेक्षित स्वर ऐकून लगेच दाद देत नाही, की नाकही मुरडत नाही. गवई तेथून समेवर कसा येतो, याची तो वाट पाहतो.

६. क्षुल्लक फरकाला महत्त्व देऊ नये. एका चालीला ०.३१ आणि दुसरीला ०.२८ असा कौल मिळाला, तर त्या दोन चाली सारख्याच चांगल्या समजाव्यात. प्रयोगशाळेच्या अहवालातील दशांशाने घाबरणाऱ्या रुग्णाची आपण समजूत घालतो, तीच स्वतःचीही घालावी.

७. ही चाल माझ्याने निभेल का, हे पाहावे. चाल अचूक असली, पण तिच्यापाठोपाठ पंधरा चाली तितक्याच अचूक कराव्या लागणार असल्या, तर ती यंत्राला योग्य आणि मला घातक ठरू शकते.

८. अंतिम सत्य उपलब्ध असेल तेथे तेच प्रमाण मानावे. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, की बहुतेक सर्व स्थितींचा पूर्ण निकाल संगणकांनी काढून ठेवलेला आहे. त्यांतील काही स्थितींत मात करायला पाचशेहून अधिक चाली लागतात आणि त्या कोणत्याही ग्रँडमास्टरला समजावून सांगता येत नाहीत. तरीही तेथे वादाला जागा नाही. आपल्या क्षेत्रात बायोप्सीच्या अहवालाला जे स्थान आहे, तेच येथे या कोष्टकांना.

पट आपल्या माणसांचा

सातव्या पायरीविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. मराठी मुलखात बुद्धिबळाची परंपरा मोठी. आमच्या पिढीला या भागातून बुद्धिबळासाठी जवळचे मोठे केंद्र म्हणजे सांगली. भाऊसाहेब पडसलगीकर आणि तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ यांचे नाव छंदिष्टांच्या तोंडी असे. भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) सांगलीच्याच. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, म्हणजे डीप ब्लूच्याच वर्षी, ग्रँडमास्टर झाले. त्या पिढीने पुस्तके आणि एकमेकांची डोकी यांच्या बळावर अभ्यास केला. आजच्या पिढीच्या हाती इंजिने आहेत, आणि तरीही खेळावे स्वतःलाच लागते.

नाशिकचा विदित गुजराथी याचे उदाहरण घ्यावे. त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर, हे आपल्या वाचकांना विशेष. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटो येथील कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत त्याने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना अमेरिकेच्या हिकारू नाकामुराच्या राजापुढील प्याद्यावर आपला उंट बळी दिला आणि डाव जिंकला. नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तेथे खंडित झाली. अशा धक्कादायक चालींमागे हल्ली घरच्या तयारीत इंजिनांचे साहाय्य असते, ही गोष्ट कुणी लपवत नाही. पण उंट दिल्यानंतर पटापाशी यंत्र नसते. पुढचा हल्ला कसा चालवायचा, हे विदितलाच ठरवावे लागले. ज्याने चालीचे मर्म पचवले आहे, त्यालाच ती चाल फळते.

नागपूरची दिव्या देशमुख हीसुद्धा डॉक्टर दांपत्याचीच कन्या. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे कोनेरू हंपी हिला जलद डावांत नमवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तो सामना घरोघरी पाहिला गेला. पडद्याच्या कडेला इंजिनाचा कौल दाखवणारी पट्टी वरखाली होत होती आणि ती पाहून आपल्यासारखे घरबसले पंडित "हे कसे दिसले नाही?" म्हणून हळहळत होते. पट्टी आपल्याला दिसत होती, पटापाशी बसलेल्या दोघींना नव्हती. उत्तर आधी कळल्यावर प्रश्न सोपा वाटतो. शवविच्छेदनाचा अहवाल हाती घेऊन उपचार करणाऱ्याला दोष देणे, हा त्यातलाच प्रकार.

रुग्णशय्येपाशी

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या दवाखान्यांतही यंत्रे आता मत देऊ लागली आहेत. ईसीजीचे यंत्र कागदावर निदान छापते. छातीच्या क्ष-किरण चित्रातून क्षयरोगाची शंका दाखवणाऱ्या प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या स्तनतपासणीत यंत्राची मदत घेतली, तेव्हा चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या साधनांकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

परंतु एक जुनी हकीकत विसरू नये. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला धोका अधिक आणि कुणाला कमी, हे संगणकाकडून ठरवण्याचा प्रयत्न झाला. यंत्राने माहितीतून एक विलक्षण नियम शोधला : दम्याचा विकार असलेल्या रुग्णास न्यूमोनिया झाल्यास मृत्यूचा धोका कमी! माहितीच्या दृष्टीने नियम खरा होता. कारण असे, की दम्याचे रुग्ण थेट अतिदक्षता विभागात दाखल होत आणि त्यांच्यावर कसून उपचार होत, म्हणून ते वाचत. हा नियम मानून त्यांना घरी पाठवले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. सर्वांत अचूक ठरलेली प्रणालीसुद्धा रुग्णांसाठी वापरायची नाही, असे तेव्हा ठरले. रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५च्या निबंधात ही हकीकत मांडली आहे.

पट आणि रुग्ण यांतील भेद येथेच आहे. पटावर सर्व मोहरी उघडी असतात, नियम ठरलेले असतात, आणि कोण जिंकले याबद्दल दुमत नसते. रुग्णाच्या बाबतीत अर्धी मोहरी झाकलेली, नियम अपुरे ठाऊक, आणि पूर्वी आपणच केलेले उपचार त्या माहितीत मिसळलेले. म्हणून बुद्धिबळात यंत्राने मिळवलेला विश्वास आपल्या क्षेत्रात जसाच्या तसा उसना आणता येत नाही. मूल्यमापनाची रीत मात्र आणता येते.

माझ्याकडून दोन्ही प्रकारच्या चुका घडल्या आहेत. त्या सांगायला आता संकोच वाटत नाही. उमेदवारीच्या काळात एका रात्री पोटॅशियम सातच्या वर असल्याचा अहवाल हाती आला. मी धावपळ करून इंजेक्शन भरायला घेतले. वरिष्ठांनी शांतपणे विचारले, "रुग्ण पाहिलास? ईसीजी काढलास?" रुग्ण गप्पा मारीत होता, ईसीजी निर्दोष होता. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, की पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. नवा नमुना पाठवला आणि आकडा ठीक आला. त्या रात्री मी नातवासारखा वागलो होतो.

पुष्कळ वर्षांनी नेमके उलटे झाले. ताप असलेला एक तरुण चालत आला. प्लेटलेट्स अठरा हजार. कधी कधी त्या गुठळी करून बसतात आणि यंत्राला कमी मोजल्या जातात, हे मला ठाऊक होते. चेहऱ्यावर तेज आहे, यंत्र चुकले असणार, असे म्हणून मी पुन्हा तपासणी न करताच त्याला घरी पाठवले. दुसऱ्या संध्याकाळी तो हिरड्यांतून रक्त येत असताना परत आला. डेंग्यू होता. दैवयोगाने तो बरा झाला. काचेवर रक्ताचा एक थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मला दहा मिनिटे लागली असती. त्या दिवशी मी अज्जासारखा वागलो होतो.

समारोप

अनुभवाने माणूस अविश्वासाकडून विश्वासाकडे जातो किंवा विश्वासाकडून अविश्वासाकडे. दोन्ही प्रवासांत तपासणी राहून जाते. यंत्राची अनपेक्षित चाल ही आज्ञा नव्हे आणि थट्टाही नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यालाच शोधायचे आहे. नमुना बरोबर आहे ना, वेळ दिला ना, वेगळ्या घराण्याचे मत घेतले ना, 'का नाही' असे विचारले ना, पुढे काय घडते ते पाहिले ना, आणि हे माझ्या हातून निभेल ना? बहुतेक वेळा या प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात.

कास्पारोव्हपुढे त्या दिवशी बरोबरीची चाल होती. ती शोधण्याची बुद्धी जगात त्याच्याइतकी फार थोड्यांकडे होती. त्याचा अर्धा गुण गेला. आपल्या पटावर मात्र अर्धा गुण जात नसतो. म्हणून व्यवसायबंधु-भगिनींना, विशेषतः नव्याने या क्षेत्रात आलेल्यांना, एवढेच सांगणे आहे, की यंत्र कितीही खोल पाहणारे असो, पटाकडे स्वतः एकदा पाहिल्याखेरीज राजीनामा देऊ नये.

नातवाने आता एक नियम केला आहे. इंजिनाने अजब चाल सुचवली, की तो आधी मोहरी मोजतो. मीही मोजतो.